प्रशिक्षणासाठी विमान कोणतं घ्यावं? दोन आसनी की चार आसनी?

उजवी_सीट

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

मी इन्स्ट्रक्टर आहे. आमच्या छोट्या फ्लाइंग स्कूलला दोन जुनी विमानं बदलायची आहेत आणि "तुम्हीच सुचवा" म्हणून ते काम समितीने माझ्या गळ्यात मारलंय. समितीतल्या निम्म्या लोकांना चकचकीत स्क्रीनवाली विमानं हवी आहेत, कारण माहितीपत्रकात फोटो छान येतो. उरलेल्यांना ताशी इंधन किती लागतं यापलीकडे काही ऐकायचं नाहीये.

माझा स्वतःचा कल सेसना 152 कडे. दोन सीट, 110 हॉर्सपॉवरचं इंजिन, तासाला साधारण 23 लिटर इंधन. शिकणाऱ्याचा खांदा शिकवणाऱ्याच्या खांद्याला लागतो, त्यामुळे तो कधी ताठरलाय ते न विचारता कळतं. स्पिन (विमान गरगरत खाली येणं) शिकवायची परवानगी आहे. हाताला सगळं हलकं लागतं. चूक केली की विमान लगेच सांगतं, पण रागावत नाही.

अडचण वजनाची. आमच्या सध्याच्या 152 चा हिशेब मांडतो. कमाल उड्डाणवजन 757 किलो, वजनपत्रावर रिकामं वजन 515. उरले 242. टाक्या भरल्या तर वापरता येणारं इंधन 93 लिटर, म्हणजे 67 किलो. राहिले 175. मी 88 किलोचा. (समितीला 82 सांगितलंय, पण गुरुत्वाकर्षण समितीचं ऐकत नाही.) म्हणजे विद्यार्थ्याच्या वाट्याला 87, आणि त्यात त्याचा हेडसेट, पिशवी, पाण्याची बाटली सगळं आलं. धडधाकट मुलगा आला की गणित फसलं.

तर प्रश्न असा: 152 शोधावी, की सरळ चार आसनी 172 वर जावं, की पायपर कंपनीचं, की डायमंड-टेकनाम वगैरे नव्या मंडळींकडे? शिकवणारे, शिकणारे, पाना फिरवणारे, सगळ्यांनी बोला.

---

शेपटीचाक

शेपटीला चाक असलेलं घ्या. विषय संपला. :)

हलकेच घ्या, पण अगदी गंमतही नाही. पायपर कबवर शिकलेल्या माणसाला रडर (शेपटीचं उभं सुकाणू) म्हणजे काय ते पायांतून कळतं. कबमध्ये सोलो (एकट्याचं उड्डाण) मागच्या सीटवरून करायचा, पुढचं अर्धं जग इंजिनाने झाकलेलं, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यावर तयार झाल्या. नाकाखाली चाक आलं आणि पाय झोपले.

---

पाना_नंबर_दहा

शेपटीचाक, तुमच्या त्या जागृत पायांनी केलेले ग्राउंड लूप (जमिनीवरच गर्रकन फिरणं) दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. शाळेला ते परवडत नाही. विमान हँगरमध्ये पंख टेकून बसलं की विद्यार्थीही घरी बसतो.

उजवी_सीट, मूळ प्रश्नावर सवडीने लिहितो. तोवर एवढंच, की मॉडेल नंतर ठरवा, आधी लॉगबुकं बघा. सगळ्यात तरुण 152 सुद्धा 1985 ची आहे. चाळीशीच्या विमानाचं नाव काय, यापेक्षा ते आजवर कुणाच्या हाताखाली राबलंय हे महत्त्वाचं.

---

सोलोपूर्व

मी शिकतेय, 172 वर, अजून सोलो झालेला नाही. त्यामुळे माझं मत कितपत धरायचं ते तुम्हीच ठरवा.

मला विमानाने नाही, सीटने छळलंय. माझी उंची बेताची. सीट पुढे घेतली नाही तर रडर पूर्ण दाबता येत नाही, आणि पुढे घेतली तरी डॅशबोर्डवरून रनवेचं टोक दिसत नाही. राउंडआउटच्या (टेकण्याआधी नाक उचलायच्या) वेळी सगळे म्हणतात "लांब बघ, टोकाकडे बघ". टोक दिसलं तर बघीन ना! सहा-सात धडे मी हाच विचार करत घालवले की माझा अंदाजच वाईट आहे. 152 मध्ये एकदा बसले तेव्हा मात्र सगळं जवळ वाटलं.

विमान निवडताना कुणी बुटक्या विद्यार्थ्याला आत बसवून बघतं का?

---

उजवी_सीट

सोलोपूर्व, नाही बघत. मीही कधी बघितलं नव्हतं. यादीत टाकतो.

---

दोन्ही_टाक्या

वजनाच्या हिशेबात एक भर घालतो. अर्ध्या टाकीवर 152 दोन तास उडते. तासाभराच्या धड्याला, राखीव धरूनही, तेवढं पुरतं. अर्धी टाकी म्हणजे 33-34 किलोची सूट. म्हणजे कागदावर तुमचा प्रश्न सुटला.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. संध्याकाळी शेवटचं उड्डाण संपलं की कुणीतरी इमानदारीने टाक्या काठोकाठ भरतं, रात्री रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी धरू नये म्हणून. सकाळी पहिला विद्यार्थी निघतो नव्वद किलोचा. आता इंधन काढायचं कसं, कुठे, आणि काढलेलं ठेवायचं कशात? मग "पाच-दहा किलोनं काय होतंय" सुरू होतं. विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत इन्स्ट्रक्टरने वजनपत्रक दामटलं की तो धडा त्याच्या पक्का लक्षात राहतो.

172 एसचं गणित बघा. कमाल वजन 1157, रिकामं साधारण 760-770, दोन्ही टाक्या भरून इंधन 144 किलो. तरी अडीचशेच्या आसपास उरतात. (चार सीट आणि भरल्या टाक्या म्हणजे चार माणसं असं समजणाऱ्यांनी हे गणित पुन्हा वाचावं.) दोघांच्या प्रशिक्षणाला ऐसपैस. शिवाय मागे दुसऱ्या विद्यार्थ्याला बसवता येतं. दुसऱ्याची चूक मागून शांतपणे बघणं हा फुकटचा धडा असतो.

इंधन मात्र तासाला 32 ते 38 लिटर. विद्यार्थ्याचा खिसा तिथे फाटतो.

---

खालचा_पंख

पायपर चेरोकी-वॉरियर-आर्चर घराण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी. मी त्यावरच शिकलो आणि आता त्यावरच शिकवतो.

पंख खाली असल्यामुळे वळताना ज्या बाजूला वळायचं ती बाजू उघडी दिसते. सेसनात वळलात की पंख पडद्यासारखा खाली येतो, म्हणून आधी पंख उचलून बघायची सवय लावावी लागते. उलट खालचं शेत, रस्ता, खुणेची टाकी सेसनातून सहज दिसते आणि आमच्याकडे पंखाखाली जाते. आडव्या वाऱ्यात पायपर जास्त भरभक्कम वाटतं. लँडिंग गिअरला ऑलिओ (तेल-हवेचा शॉकअब्सॉर्बर) असल्याने विद्यार्थ्याचा धपका गिळला जातो. हे सोय की तोटा, यावर आमच्या शाळेत दर आठवड्याला वाद होतो.

दार एकच, तेही उजवीकडे. म्हणजे विद्यार्थी आधी चढणार, इन्स्ट्रक्टर नंतर, आणि उतरताना उलट. पावसात इन्स्ट्रक्टर भिजतो, हा न्यायच म्हणायचा.

इंधनाचा सिलेक्टर डावी किंवा उजवी, "दोन्ही" नाही. दर अर्ध्या तासाला टाकी बदलायची. काहींना ही कटकट वाटते. मला वाटतं, इंधन हा विचार डोक्यात जागा ठेवायला यासारखं साधन नाही. सेसनात "दोन्ही"वर ठेवून विसरणारा विद्यार्थी पुढे दुसऱ्या विमानात गेला की तिथे बंद इंजिनाची शांतता ऐकतो.

---

पाना_नंबर_दहा

आता सविस्तर. क्रमाने नाही, जसं सुचेल तसं.

पायपर घेणार असाल तर स्पार (पंखाचा कणा). 2018 मध्ये अमेरिकेत डेटोना बीचला प्रशिक्षणाच्या उड्डाणात पायपर ॲरोचा पंख हवेत निखळला. मुख्य स्पारच्या खालच्या पट्टीला, बोल्टच्या भोकापाशी, थकव्याची भेग गेली होती. त्यानंतर तपासणीचा आदेश निघाला आणि त्यात तासांचा हिशेब करायची एक रीत दिलीय. विमानाच्या 100-तासी तपासण्या (शाळेच्या विमानांच्या होतात त्या) जितक्या झाल्या त्यांना शंभराने गुणायचं, तेवढे तास पूर्ण धरायचे. बाकीच्या तासांना 17 ने भागायचं. म्हणजे शाळेत झालेला एक तास हा खासगी मालकाकडच्या सतरा तासांच्या तोडीचा. शाळेचं विमान काय सोसतं हे मला वर्षानुवर्षं सांगता येत नव्हतं, त्या आदेशाने एका आकड्यात सांगितलं. त्यामुळे "फक्त सहा हजार तास उडालंय" असं कुणी म्हणालं की विचारा, कुणाकडे?

172 घेणार असाल तर फायरवॉल (इंजिनामागची पत्र्याची भिंत). नाकावर आपटलेलं लँडिंग तिथे लिहून ठेवलेलं असतं. काउलिंग (इंजिनाचं झाकण) उघडायला लावा, टॉर्च घ्या, आणि नाकाच्या चाकाचा दांडा (स्ट्रट) जिथे बसतो त्याच्या आजूबाजूच्या पत्र्यावर प्रकाश तिरका पाडा. सरळ पाडला तर दिसत नाही. सुरकुती, ताणलेले रिव्हेट, नव्याने मारलेला रंगाचा ठिगळ. लॉगबुक खोटं बोलेल, पत्रा बोलत नाही.

152 घेणार असाल तर रडर-स्टॉप. रडर शेवटच्या टोकाच्या पलीकडे जाऊन तिथेच अडकल्याने विमान स्पिनमधून बाहेरच आलं नाही, असे अपघात झालेत. 2009 च्या आदेशाप्रमाणे एकतर सुधारित स्टॉप बसवायचा, नाहीतर स्पिन करू नये अशी पाटी लावायची. म्हणजे "152 वर स्पिन शिकवता येतं" हे वाक्य प्रत्येक 152 ला लागू नाही. आधी पाटी वाचा.

शिवाय 152 च्या सुरुवातीच्या इंजिनांत स्पार्क प्लगवर शिसं फार साचतं. टॅक्सी करताना (जमिनीवर चालवताना) मिक्स्चर लीन, म्हणजे हवेत इंधन कमी, करायची शिस्त नसेल तर रोज सकाळी मॅग-चेकला (इग्निशनच्या चाचणीला) खडखडाट. मग मला हाक.

आणि सोलोपूर्व, सीटचा विषय निघालाच आहे तर. सेसनाच्या सीटची रुळं हे जुनं दुखणं आहे. रुळाला भोकं असतात, सीटची पिन त्यात बसते. भोकं झिजून लांबट झाली किंवा पिन अर्धवट बसली की टेकऑफच्या जोरात सीट मागे सरकते. माणूस आधार म्हणून हातात असेल ते धरतो, आणि हातात असतो योक (विमानाचं स्टिअरिंग). पुढचं सांगायला नको. दर 100 तासांनी रुळं, रोलर, पिना तपासायच्या असा नियमच आहे. तुम्ही सीट पूर्ण पुढे घेता ना? मग बसल्यावर पायांनी रेटून मागेपुढे हलवून बघा. प्रत्येक वेळी. पिन भोकात पडल्याचा 'खट्' आवाज ऐकल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

---

सोलोपूर्व

पानाकाका, अंगावर काटा आला. चेकलिस्टमध्ये "सीट्स, बेल्ट्स - लॉक्ड" आहे आणि मी ते नुसतं म्हणून टाकते. उद्यापासून रेटून बघते.

---

वाचनमात्र_नाही

प्रचंड माहितीपूर्ण धागा. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

शेपटीचाक

स्पिनवरून आठवलं, टोमाहॉकची गोष्ट कुणी सांगितली नाही!

पायपरने 1978 मध्ये पीए-38 टोमाहॉक बाजारात आणलं ते इन्स्ट्रक्टर लोकांना विचारून. त्यांचं म्हणणं होतं, सध्याची विमानं फार भोळी आहेत, स्टॉल (पंखांची उचल तुटणं) नीट होतच नाही, विद्यार्थी शिकणार काय? तर त्यांनी मागितलं तसं मिळालं. टी आकाराची शेपटी, चहूकडे काच, दोन्हीकडे दारं, आणि स्टॉल असा की एक पंख टाकून देईल. लोकांनी त्याला 'ट्रॉमाहॉक' असं टोपणनाव ठेवलं. 1982 ला उत्पादन बंद.

गंमत पुढे आहे. एकूण अपघातांचा दर बघितला तर टोमाहॉकचा सेसना 150/152 पेक्षा कमी निघाला. पण स्पिनमधल्या जीवघेण्या अपघातांचा दर जास्त. म्हणजे शिकवण्यात प्रामाणिक, पण कमी उंचीवर चुकलात तर दुसरी संधी नाही.

माझा प्रश्न तोच: विमान विद्यार्थ्याला सांभाळून घेणारं हवं की खरं बोलणारं?

---

खालचा_पंख

सांभाळून घेणारं. खरं बोलायला मी बसलोय उजवीकडे.

---

उजवी_सीट

मी अर्धवट असहमत. वॉरियरचा स्टॉल इतका मवाळ आहे की योक पोटाशी धरलं तरी नाक नुसतं डोलतं, आणि विमान मुकाट्याने खाली जात राहतं. विद्यार्थ्याला वाटतं काही झालंच नाही. मी त्याला व्हर्टिकल स्पीडचा काटा दाखवतो तेव्हा चेहरा पडतो. 152 मध्ये एक पंख हलकासा गळतो, पाय आपोआप जागे होतात. मला तेवढंच पाहिजे. टोमाहॉकइतकं नको.

---

काचेचा_डबा

नव्या विमानांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी.

डायमंड डीए40 वर मी शिकवतो. ऑस्ट्रोचं 168 हॉर्सपॉवरचं डिझेल-पद्धतीचं इंजिन, जेट इंधन, तासाला 20-25 लिटर. चार सीट आणि खप जवळपास तुमच्या 152 चा! दृष्टी मोकळी, ग्लाइड लांब, अपघातांचा इतिहास चांगला. विद्यार्थी खुश, पालक त्याहून खुश.

तोटेही सांगतो. पॉवरचा दांडा एकच, मिक्स्चर नाही, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा) नाही. इंजिन काय करायचं ते संगणक ठरवतो. इथे तयार झालेल्या मुलाला कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो हे पुस्तकात वाचून माहीत असतं. दमट हवेत, बाहेर वीस अंश असतानाही, आरपीएम हळूहळू उतरायला लागतो आणि कार्ब हीट ओढल्यावर इंजिन आधी खोकतं, मग सावरतं, हे त्याने कधी अनुभवलेलं नसतं. इच्छेने स्पिन करायला परवानगी नाही. नाकाचं चाक मोकळं फिरतं, वळायचं ब्रेकने, त्यामुळे पहिले चार धडे विद्यार्थी टॅक्सीवेवर नागमोडी. शिवाय जेट आणि पेट्रोल दोन्ही ठेवणाऱ्या ठिकाणी इंधन भरताना डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं.

आणि स्क्रीन. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघात तपासणारी संस्था) 2010 मध्ये लहान विमानांचा अभ्यास मांडला होता: काचेच्या कॉकपिटवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. यंत्र वाईट म्हणून नव्हे. लांबच्या, खराब हवेतल्या प्रवासाला तीच विमानं जास्त वापरली जातात, आणि शिकवण त्या यंत्राच्या मागे पडली. मी स्वतः पहिले पाच-सहा धडे मुख्य स्क्रीनचा उजेड शून्यावर आणतो. बाहेर बघ, नाक क्षितिजाच्या किती खाली आहे ते सांग. मुलं आधी घाबरतात, मग त्यांचं उड्डाण एकदम शांत होतं.

---

दोन्ही_टाक्या

इंधनाच्या पुढच्या वीस वर्षांचाही विचार हवा. 100एलएलमध्ये (नेहमीच्या विमान-पेट्रोलमध्ये) शिसं आहे. युरोपीय संघात त्यातल्या शिशाच्या संयुगावर, टेट्राएथिल लेडवर, 1 मे 2025 पासून खास परवानगीशिवाय बंदी आलीय, अमेरिकेने 2030 चं उद्दिष्ट धरलंय. रोटॅक्स इंजिनवाली विमानं, टेकनाम वगैरे, बिनशिशाच्या पेट्रोलवर जास्त सुखी असतात. त्यांना 100एलएल सतत पाजलं तर उलट तेल लवकर बदलावं लागतं. 100 हॉर्सपॉवर आणि तासाला 18-20 लिटर. पण इंजिन 5800 आरपीएमला फिरतं आणि पंखा गिअरबॉक्समधून, त्यामुळे लायकोमिंग इंजिनांवर (सेसना-पायपरवाली) हयात गेलेल्या मेकॅनिकला आधी शिकायला पाठवा.

विजेवरचं पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो 2020 मध्ये प्रमाणित झालं. सर्किटला (रनवेभोवतीच्या फेऱ्यांना) झकास, आवाज अगदी कमी. पण राखीव सोडून 50 मिनिटं, आणि बॅटरीसकट रिकामं वजन 428, कमाल 600. दोघांना मिळून 172 किलो. उजवी_सीट, तुमचं दुखणं तिथेही तेच.

---

पाना_नंबर_दहा

एक राहिलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. दोन विमानं घ्यायची तर दोन्ही एकाच जातीची घ्या. एक 152 आणि एक डायमंड असा मोह होईल, "विद्यार्थ्याला दोन्हीचा अनुभव". असलं काही होत नाही. एक बसलं की त्याचे विद्यार्थी दुसऱ्यावर जातात, पाच तास नव्या वेगांची आणि नव्या खिडकीची सवय करण्यात घालवतात, आणि तेवढ्यात पहिलं दुरुस्त होऊन येतं. टायर, ब्रेक पॅड, फिल्टर, प्लग सगळं दोन दोन प्रकारचं ठेवायचं. एकाच जातीची असली की एकाचा अल्टरनेटर काढून दुसऱ्याला लावून संध्याकाळची उड्डाणं वाचवता येतात. मी वाचवलीत. अर्थात कागदावर रीतसर नोंद करून, नाहीतर इथेच कुणीतरी धरेल मला.

---

उजवी_सीट

उशीर झाला, माफी. अपडेट.

152 चा नाद सोडला. हिशेब पुन्हा केला तेव्हा लक्षात आलं की आमच्या पंचवीस विद्यार्थ्यांपैकी अकरा जणांबरोबर मी भरल्या टाकीने कायदेशीर उडूच शकत नाही. अर्ध्या टाकीचा नियम लावू, पण दोन्ही_टाक्यांनी लिहिलंय तेच आमच्याकडे होतं, अगदी रात्री भरणाऱ्या माणसासकट. डायमंड आवडलं, पण आमचा मेकॅनिक एकटा आहे आणि आयुष्यभर लायकोमिंगच उघडत आलाय. स्पिनसाठी विद्यार्थ्यांना दोन दिवस दुसरीकडे पाठवायचं ठरतंय. 172 मध्येही युटिलिटी प्रकारात (हलक्या वजनाच्या मर्यादेत), मागच्या सीट रिकाम्या ठेवून करता येतं, पण माझं मन घेत नाही, जाईरोंची (काट्यांच्या आत फिरणाऱ्या भोवऱ्यांची) दया येते.

तर दोन 172, जुन्या काट्यांच्या डॅशबोर्डची. समितीतले फोटोवाले नाराज आहेत.

काल पहिलं बघायला गेलो. रंग नवा, सीटकव्हर नवी, विकणारा माणूस गोड बोलणारा. पाना_नंबर_दहा यांच्या सांगण्याप्रमाणे काउलिंग उघडायला लावलं, तेव्हा त्याचा गोडवा जरा आटला. टॉर्च तिरका धरला. डाव्या बाजूला, स्ट्रटच्या वरच्या अंगाला, करंगळीएवढी सुरकुती. लॉगबुकात हार्ड लँडिंगचा एक शब्द नाही. चहूबाजूंनी फोटो काढले, आभार मानले, निघालो. दुसरं पुढच्या आठवड्यात.

---

पाना_नंबर_दहा

फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि दुसऱ्याच्या वेळी सीटची रुळं विसरू नका.

---

सोलोपूर्व

जरा अवांतर. पाठीमागे एक, खाली एक, अशा दोन घट्ट उशा घेऊन गेले आज. सीट रेटून बघितली, तर खरंच पिन बसलेली नव्हती! एक खाच मागे घेतल्यावर 'खट्' वाजलं. आणि चौथ्या सर्किटला, राउंडआउटच्या वेळी, पहिल्यांदा रनवेचं टोक दिसलं.

धपका बसला तो बसलाच. पण दिसलं.